सतरा नंबर हयात असल्याबाबत

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सतरा नंबरचे यंत्र कार्यालयीनदृष्ट्या मरण पावले. त्या वेळी ते काम करत होते.

हे नीट कळावे म्हणून आमच्या खात्याची थोडी माहिती देणे भाग आहे. शहरातल्या निरनिराळ्या कचेऱ्यांचे संगणक आमच्याकडे चालतात. खरे तर आमच्याकडे एकच मोठे लोखंडी कपाट आहे आणि त्याच्या पोटात चाळीस संगणक आहेत, जे हाताला लागत नाहीत. त्यांना आभासी यंत्रे म्हणतात. प्रत्येक यंत्राच्या आत एक छोटा प्रोग्राम बसवलेला असतो, त्याला एजंट म्हणतात. कपाट दर मिनिटाला आत हाक मारते, ‘आहेस का?’ आणि एजंट आतून उत्तर देतो, ‘आहे.’ उत्तर आले की भिंतीवरच्या पडद्यावर त्या यंत्रापुढे हिरवा ठिपका लागतो. नाही आले की लाल.

मी देखरेख सहायक. ठिपके बघणे हे माझे काम. अकरा वर्षे बघतो आहे आणि दोन बढत्या याच कामावर मिळाल्या आहेत.

सतरा नंबरचा ठिपका लाल झाला तेव्हा मी नियमाप्रमाणे आधी पडदा पुसला. तरी लालच. मग मी यंत्रात शिरलो, अर्थात खुर्चीवर बसूनच. आत सगळे आलबेल होते. सतरा नंबरवर मोठ्या रुग्णालयाची शस्त्रक्रियांची यादी असते: कुणाची, कोणत्या अवयवाची, कोणत्या तारखेला. माझ्या डोळ्यांदेखत त्याने एका गुडघ्याला आणि टॉन्सिलच्या दोन रुग्णांना तारखा दिल्या.

मी साहेबांच्या खोलीत गेलो.

“साहेब, सतरा नंबर लाल दाखवतोय, पण तो चालतोय.”

“कुणी सांगितलं?”

“मी आत जाऊन बघितलं.”

“तुम्ही एजंट आहात का?” साहेबांनी चष्मा काढला. “हे बघा, यंत्र चालतंय की नाही हे यंत्रावरून ठरत नाही. एजंटवरून ठरतं. उद्या प्रत्येक यंत्र नुसतं काम करून दाखवायला लागलं तर आपण कुणाकुणावर विश्वास ठेवायचा?”

नियम असा होता की तीन दिवस लाल राहिलेले यंत्र ‘अनुपलब्ध’ घोषित करून त्याच्याकडे जाणारी वाट बंद करायची. गुरुवारी तीन दिवस भरत होते, आणि गुरुवारीच माझ्या आत्याच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. तिची तारीख सतरा नंबरमध्ये होती.

आत्या माझ्याकडेच राहते. शिवणकाम करते, कोटांची अस्तरे आणि काजे. या गावात तिच्या हातचे काज ओळखणारे लोक आहेत. गेले वर्षभर ती सुईत दोरा अंदाजाने ओवते, दोरा जिभेने ओला करते, सुई कानापाशी नेते आणि म्हणते, “दिसत नाही तर नाही, ऐकू तर येतं.” मागच्या महिन्यात तिने एका वकिलांच्या कोटाला काज बाहीवर केले. वकील भले माणूस, तसाच कोट घालून गेले.

तेव्हा मी झपाट्याने कामाला लागलो आणि तासाभरात बिघाड शोधून काढला.

प्रोग्राम यंत्रात बसवण्याच्या दोन पद्धती आमच्याकडे मान्य आहेत. एक सुटी पद्धत. तिच्यात भांडारातून एकेक भाग आणून जोडतात. दुसरी डबा पद्धत. लागेल ते सगळे एका डब्यात भरून, झाकण लावून, डबा आत ठेवून देतात. डब्यातल्या प्रोग्रामला बाहेरचे काही लागत नाही आणि त्याला बाहेर फारशी लुडबुडही करता येत नाही. दोन्ही पद्धतींना स्वतंत्र शाखा, स्वतंत्र शाखाप्रमुख आणि पाण्याचे स्वतंत्र पिंप आहे. दोन्ही शाखांची आपसात बोलचाल नाही.

झाले होते ते इतकेच. त्याच सकाळी सतरा नंबरमधला सुटा एजंट काढून तिथे डब्यातला एजंट बसवला गेला. काम तेच, उत्तर तेच, फक्त नाव जरासे वेगळे. कपाट मात्र अजून जुन्याच नावाने हाक मारत होते. दुसऱ्याच्या नावाने आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही इतपत वळण नव्या एजंटला होते. तो आत गप्प बसून होता.

“कपाटात एक ओळ बदलायची, साहेब. नाव नवं घालायचं. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांचं?” साहेब गंभीर झाले. “मग अवघड आहे. मोठं काम असतं तर कंत्राट देऊन मोकळे झालो असतो. दोन मिनिटांच्या कामाची जबाबदारी कुणावर टाकायची? तुम्ही आधी दोन्ही शाखांचं म्हणणं घ्या.”

सुट्या शाखेचे प्रमुख म्हणजे अण्णा. त्यांच्या टेबलावर सुटे स्क्रू, सुट्या तारा आणि सुटे खोडरबर असतात. त्यांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“ती ओळ आमची आहे,” ते म्हणाले. “आम्ही लिहिली. बरोबर लिहिली.”

“तीच ओळ बदलायची आहे, अण्णा. एजंटचं नाव बदललंय.”

“कोणता एजंट?”

“डब्यातला.”

“डब्यातल्याला आम्ही एजंट म्हणत नाही. आमच्या भांडारातून जो आला नाही तो बसलेलाच नाही. सतरा नंबरमध्ये आमच्या मते एजंट नाही, म्हणून ठिपका लाल आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललंय. तक्रार काय आहे तुमची?”

डबा शाखेच्या मॅडमनी मला बसायला सांगितले आणि पाणी दिले. बाटलीचे बूच त्यांनी काढून दिले नाही.

“आमचा एजंट उत्तम चाललाय,” त्या म्हणाल्या.

“पण तो उत्तर देत नाही, मॅडम.”

“डब्यात देतोय ना. बाहेर ऐकू जात नसेल तर तो बाहेरच्यांचा प्रश्न. आमच्या पद्धतीचं वैशिष्ट्यच ते आहे. आत काय चाललंय ते बाहेर कळत नाही, बाहेर काय चाललंय ते आत कळत नाही. त्यामुळे मनःशांती राहते.”

“जुन्या नावानं हाक मारली तर त्याला ओ द्यायला सांगता येईल का?”

“खोट्या नावानं?” मॅडम खुर्चीत ताठ झाल्या. “आमच्या एजंटनं?”

दोन्ही म्हणणी मी साहेबांना सादर केली. साहेबांनी समिती नेमली. समितीची पहिली बैठक शुक्रवारी ठरली. गुरुवार त्याच्या आधी येतो हे मी निदर्शनास आणून दिले, तेव्हा त्याची नोंद घेण्यात आली.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी आत्याला रुग्णालयात नेले. नोंदणी खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या पडद्यावर सतरा नंबरची यादी उघडी होती. वाट बंद होण्याआधी त्यांनी ती उघडलेली असावी. यादीत पाचव्या ओळीत आत्याचे नाव स्वच्छ दिसत होते. यादीवर लाल पट्टी होती: ‘यंत्र अनुपलब्ध.’

“यंत्र बंद आहे,” बाई म्हणाल्या.

“हे काय, पाचवं नाव,” मी बोट दाखवले. “आजची तारीख, डावा डोळा.”

“दिसतंय ना मला. पण यंत्र बंद असताना दिसतंय, म्हणून ते दिसतंय असं धरता येत नाही.”

आत्या पुढे वाकली. “बाई, मला दिसत नाही म्हणून मी इथं आले. तुम्हाला तर दिसतंय.”

“आजी, दिसण्याचा पगार नाही हो मला. पट्टी वाचण्याचा आहे.” हे त्या काही दुष्टपणाने बोलल्या नाहीत. त्यांनी आत्याला बाकावर बसवले, पंखा तिच्याकडे वळवला आणि पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितले.

परत येताना बसमध्ये आत्याने विचारले, “तुझं ते यंत्र चालतंय की नाही रे?”

“चालतंय.”

“मग?”

“ते चालतंय असं सांगणारा बोलत नाही.”

“मग त्याला काढा आणि दुसरा ठेवा. बोलका.”

“दुसराच ठेवलाय गं. म्हणूनच तर झालं.”

आत्याने तिकीट चाचपून पदराच्या गाठीत बांधले. मग म्हणाली, “माझ्या हाताखाली अशी मुलगी असती ना, तर तिला मी काजाला हात लावू दिला नसता.” ती हे कुणाबद्दल बोलली ते मी विचारले नाही.

शुक्रवारी समिती बसली. अण्णा आणि मॅडम यांच्यात कपाटाकडे तोंड करून, साहेबांच्या मार्फत, दोन तास चर्चा झाली. शेवटी दोघांचाही मान राखणारा तोडगा निघाला: सतरा नंबरमध्ये दोन्ही एजंट बसवायचे आणि कपाटाने दोन्ही नावांनी हाक मारायची. मी हात वर करून म्हणालो की एका यंत्रात दोन एजंट नसतात. साहेब म्हणाले, एका खात्यात दोन शाखा असतात की नाही?

दुपारी कपाटाने हाक मारली. आतून उत्तर आले, ‘आहे.’ लगेच पाठोपाठ दुसरे उत्तर आले, ‘आहे.’ गणती करणाऱ्या प्रोग्रामने दोन उत्तरे मोजली आणि त्यावरून दोन यंत्रे आहेत असा निष्कर्ष काढला. पडद्यावर सतरा-अ आणि सतरा-ब असे दोन हिरवे ठिपके आले. साहेबांनी समितीचे अभिनंदन केले. कुठलाही खर्च न करता खात्यात एका यंत्राची भर पडली होती.

आता दोन यंत्रे म्हटल्यावर कामाची वाटणी आली. ती समसमान असावी असा नियम आहे. रुग्णांची वाटणी आडनावाप्रमाणे केली तर भेदभावाची ओरड होईल, म्हणून निसर्गाने आधीच केलेली वाटणी स्वीकारण्यात आली. शरीराच्या उजव्या बाजूच्या अवयवांची कामे सतरा-अ कडे आणि डाव्या बाजूची सतरा-ब कडे. नाकाबद्दल एकमत झाले नाही. हृदय ब कडे गेले.

सतरा-ब अस्तित्वातच नव्हते. पण त्याचा ठिपका हिरवा असल्यामुळे ही गोष्ट बोलून दाखवण्याची कुठे सोय नव्हती.

सोमवारी रुग्णालयातून आत्याला फोन आला. तिने आवाज मोठा करून माझ्यापुढे धरला.

“आजी, तुमच्या डोळ्याची उद्याची तारीख मिळाली. उजवा डोळा.”

“माझा डावा खराब आहे. उजवा चांगला आहे, बाई.”

“म्हणून तर लगेच मिळाली. चांगल्यांना गर्दी नसते.”

“आणि डाव्याचं काय?”

“डाव्यांची यादी पाठवली की परतच येत नाही. सगळ्या डाव्यांचं तसंच आहे. काल एक जण डावा पाय मोडलेला आला, त्याला आम्ही उजव्याची तारीख दिली. गेला बिचारा, लंगडत.”

“मी वाट बघते,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हे तू केलंयस का?”

“मी नाही. समितीनं.”

“तू होतास ना तिथं?”

“मी हात वर केला होता.”

“वर कसला करतोस? हात चालव.”

हे मला लागले. अकरा वर्षांत मी ठिपक्यांकडे बघण्यापलीकडे काही केले नव्हते. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, दोन्ही शाखा आपापल्या पिंपापाशी असताना, मी कपाटासमोर बसलो. यंत्राच्या आत काही नवे बसवायचे तर दोन्ही शाखाप्रमुखांच्या सह्या लागतात. कपाटाला मात्र कुणाचीच सही लागत नाही, कारण कपाट कुठल्याच शाखेकडे नाही; त्यातली हाकेची ओळ तेवढी अण्णांची, तिला मी हात लावला नाही. मी दोन्ही एजंट बंद केले. मग तिसऱ्या पद्धतीने, म्हणजे हाताने, घरगुती, एका ओळीचा एजंट लिहिला आणि तो यंत्राच्या आत न ठेवता कपाटातच ठेवला. कपाट विचारायचे, ‘आहेस का?’ आणि त्याच्या शेजारी बसलेला माझा एजंट तिथल्या तिथे सांगायचा, ‘आहे.’

ठिपका हिरवा झाला. एकच. अ आणि ब नाहीसे झाले, डावे आणि उजवे पुन्हा एका यादीत आले आणि खऱ्याखुऱ्या सतरा नंबरने दहा मिनिटांत आत्याच्या डाव्या डोळ्याला पुढच्या मंगळवारची तारीख दिली. मी डबा उघडून निवांत जेवलो. खात्यात आल्यापासून इतके चांगले मला कधी वाटले नव्हते.

गुरुवारी साहेबांनी बोलावले. आता नोकरी गेली असे समजून मी गेलो. साहेबांनी मला बसायला सांगितले, हे त्याहून भयंकर होते.

“सतरा नंबरनं दोन दिवसांत एकदाही उत्तर चुकवलेलं नाही,” ते म्हणाले. “एका सेकंदाचाही उशीर नाही. काय केलंत?”

मी खरे ते सांगितले. एजंट यंत्रात नाही, तो यंत्राला विचारत नाही, नुसता ‘आहे’ म्हणतो. तात्पुरती सोय आहे, ती ओळ बदलली की काढून टाकीन, असेही म्हणालो.

“काढून?” साहेब उठून उभे राहिले. “अहो, आजवरच्या सगळ्या एजंटांचा दोष काय होता? ते यंत्रावर अवलंबून होते! यंत्र अडलं की ते अडायचे. तुम्ही ते अवलंबित्वच काढून टाकलंत.”

शुक्रवारपर्यंत माझा एजंट चाळीसच्या चाळीस यंत्रांना लागू झाला. अण्णांनी त्याला सुट्या पद्धतीचा म्हणून मान्यता दिली, कारण तो कशालाच जोडलेला नव्हता. मॅडमनी डबा पद्धतीचा म्हणून दिली, कारण बाहेर काय चालले आहे ते त्याला माहीत नव्हते. दोन्ही शाखा बऱ्याच वर्षांनी एका पिंपाचे पाणी प्यायल्या.

सोमवारी कपाट फार तापले. थंड हवेच्या यंत्राची दुरुस्ती करणारे मिस्त्री आले आणि म्हणाले की आतला भार थोडा कमी करा. साहेबांनी प्रयोग म्हणून चार यंत्रे बंद करायला लावली. पडद्यावर चाळीस हिरवे ठिपके. आणखी दहा बंद केली. चाळीस. दुपारपर्यंत एकही तक्रार आली नाही. तक्रारी नऊ नंबरच्या यंत्रावर येतात आणि ते पहिल्या चारांत बंद झाले होते. चार वाजता कपाटातली उरलेली सगळी यंत्रे बंद करून त्यात फक्त माझा एजंट चालू ठेवण्यात आला. मिस्त्री खूश झाले. खोली इतकी गार झाली की लेखा विभागातल्या बायका विणकाम घेऊन तिथे येऊन बसू लागल्या.

“साहेब,” मी म्हणालो, “उद्या लोकांच्या शस्त्रक्रिया आहेत. तारखा यंत्रात आहेत.”

“यंत्रं बंद आहेत असं कुठं दिसतंय का तुम्हाला?” साहेबांनी पडद्याकडे हात केला.

दिसत नव्हते. मी अकरा वर्षे ज्या पडद्यावर विश्वास ठेवला, त्याच्यावर कुठेही तसे दिसत नव्हते.

मंगळवारी मी आत्याला घेऊन त्याच खिडकीपाशी गेलो. बाईंच्या पडद्यावर हिरवी पट्टी होती: ‘यंत्र उपलब्ध.’ पट्टीखाली काही नव्हते.

“नाव नाही,” बाई म्हणाल्या. “कुणाचंच नाही. पण यंत्र चालू आहे बरं का.”

“मागच्या खेपेला नाव होतं, तर तुम्ही म्हणालात यंत्र नाही,” आत्या म्हणाली.

“तेव्हा लाल होतं, आजी. आता कसं छान चाललंय.”

आतल्या दाराच्या काचेतून डोळ्यांचे डॉक्टर दिसत होते. हातमोजे घालून, दिवा लावून, रिकाम्या टेबलापाशी ते बसले होते. मी काचेवर टिचकी मारली. त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले, निर्जंतुक होते म्हणून किंवा सगळेच करतात म्हणून. यादीत नाव नसलेल्या डोळ्याला त्यांना हात लावता येत नव्हता.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. संदेश पाठवण्याचे काम बाहेरच्या एका कंपनीकडे आहे आणि तिला आठवड्याची यादी सोमवारी सकाळीच, यंत्रे बंद होण्याआधी, मिळालेली होती.

“काय म्हणतात बघ रे,” आत्याने फोन माझ्या हातात दिला.

संदेश असा होता: ‘आपल्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन. आपण समाधानी आहात का?’ खाली दोन चौकटी होत्या. हो आणि नाही.

मी ‘नाही’ दाबले. एक अर्ज उघडला, एकवीस रकान्यांचा. सातव्या रकान्यात न झालेल्या शस्त्रक्रियेची वेळ मागितली होती. नवव्यात ती न करणाऱ्या डॉक्टरांची सही. अकराव्यात न झाल्याचे छायाचित्र, डोळा उघडा असताना. उन्हात फोनचा पडदा नीट दिसत नव्हता, आत्याला तहान लागली होती, बस वळणावर आलेली दिसत होती. हे सगळे उद्या कचेरीत बसून निस्तरू असे मी मनाशी म्हणालो, मागे गेलो आणि तो संदेश एकदाचा जावा म्हणून आत्याच्या वतीने ‘हो’ दाबले. त्यावर किती तारे विचारले. पाच दिल्याशिवाय तो जाईना.

“काय म्हणत होते?” आत्याने विचारले.

“काही नाही. चौकशी करत होते.”

“चांगले आहेत बिचारे,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाने तिचे नाव प्रतीक्षायादीतून काढले. यंत्र बंद होते, पण हे काम त्यांनी हाताने केले. रुग्णाने स्वतः समाधान कळवल्यावर तोच डोळा दुसऱ्यांदा करता येत नाही असे मला लेखी मिळाले. मी वर अर्ज केला आहे. आत्याने आता काजे सोडली आहेत, ती फक्त अस्तरे शिवते. आतल्या बाजूची टीप वाकडी गेली तरी कोट घालणाऱ्याला कळत नाही. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलते. हे मला फार जड जाते.

तुम्ही मला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, आणि म्हणायला हरकत नाही. फक्त त्याआधी एक आठवा. तुमच्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाची तुम्ही तक्रार केली होती, दुरुस्तीवाला आला नव्हता, आणि चार दिवसांनी ‘आपले काम समाधानकारक झाले का?’ असा संदेश आला होता. तुम्ही गडबडीत होता. काय दाबले ते मी विचारत नाही. बादली भरत आली असेल, तेवढी बदला.